टर्मिनल बदलून कनेक्टिंग फ्लाइट: दोन तास दहा मिनिटं पुरतात का?

प्रश्न असा आहे की मोठ्या एअरपोर्टवर एका टर्मिनलला उतरायचं, दुसऱ्या टर्मिनलवरून पुढची फ्लाइट, मध्ये दोन तास दहा मिनिटं, तर तेवढे पुरतील का आणि चेक-इन केलेली बॅग मध्ये परत घ्यावी लागते का. एवढ्या माहितीवर कोणी ठाम हो किंवा नाही सांगत असेल तर तो अंदाजपंचे सांगतोय. मी बरीच वर्षं एअरलाइनच्या ट्रान्सफर डेस्कवर काढलीत आणि तिथे धापा टाकत येणारा जवळजवळ प्रत्येक जण हेच म्हणतो, "अहो वेळ भरपूर होता!" होताच की वेळ. पण तो दोन टर्मिनलमधल्या अंतरात फार जात नाही, रांगांमध्ये जातो. त्यामुळे टर्मिनल किती लांब आहे हे विचारण्यापेक्षा एका विमानाच्या दारातून निघून दुसऱ्याच्या दारापर्यंत मध्ये तपासणीचे किती नाके लागणार, ते आधी बघा. बाकीचं सगळं त्यावर ठरतं.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट. तिकीट एकच आहे की दोन? म्हणजे दोन्ही फ्लाइट एकाच बुकिंग नंबरवर, एकाच पीएनआरवर आहेत का? हे ज्याला माहीत नाही त्याने बाकी काही वाचू नये, आधी जाऊन तिकीट बघावं. एकाच तिकिटावर असाल तर पहिली फ्लाइट लेट होऊन दुसरी चुकली तर ते एअरलाइनचं दुखणं, पुढच्या फ्लाइटमध्ये फुकट बसवून द्यायची जबाबदारी त्यांची. दोन वेगळी तिकिटं असतील तर दुसऱ्या एअरलाइनच्या हिशेबी तुम्ही फक्त "नो-शो", म्हणजे न आलेला प्रवासी, तुम्ही कुठून येत होतात आणि का उशीर झाला याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही, आणि नो-शो झालात की त्या तिकिटावरचे पुढचे सेक्टर म्हणजे पुढच्या फ्लाइट, रिटर्नसकट, बहुतेक वेळा आपोआप कॅन्सल होतात. हा दुसरा धक्का लोकांना परतीच्या दिवशी काउंटरवर बसतो. आणि सावध रहा, काही वेबसाइट दोन वेगळी तिकिटं एकत्र बांधून एकच प्रवास असल्यासारखी विकतात, खाली कुठेतरी बारीक अक्षरात "सेल्फ ट्रान्सफर" लिहिलेलं असतं. तो शब्द दिसला की समजायचं, तिकिटं दोन आहेत.

आता ते दोन तास दहा मिनिटं. ही १३० मिनिटं कागदावरची. पोचायची वेळ म्हणजे विमान गेटला किंवा स्टँडला लागायची वेळ, आणि निघायची वेळ म्हणजे विमान गेट सोडायची वेळ, पण बोर्डिंग गेट त्याच्या १५-२० मिनिटं आधीच बंद होतं आणि बंद म्हणजे बंद, विमान समोर काचेतून दिसत असलं तरी. मोठ्या विमानात मागच्या रांगांमध्ये असाल तर बाहेर पडायलाच १५-२० मिनिटं, आणि विमान लांबच्या स्टँडला लावलं असेल तर जिना उतरून बस, ती बस भरेपर्यंत उभी, ते वेगळं. म्हणजे १३० मधले सुरुवातीचे २० आणि शेवटचे २० काढले की हातात ९० उरतात, तेही पहिली फ्लाइट अगदी वेळेवर आली तर. हिशेब नेहमी या ९० चा करायचा.

एअरलाइन्सचा स्वतःचाही एक हिशेब असतो, त्याला एमसीटी म्हणतात, मिनिमम कनेक्टिंग टाइम. प्रत्येक एअरपोर्टचा, टर्मिनलच्या जोडीचा, कधी कधी एअरलाइनच्या जोडीचाही वेगळा. फ्रँकफर्टची ४५ मिनिटं प्रसिद्ध आहेत, लंडनच्या हीथ्रोला टर्मिनल बदलायचं असेल तर साधारण दीड तासाच्या आसपास धरतात. एका तिकिटावर एमसीटीपेक्षा कमी वेळेचं कनेक्शन सिस्टीम विकतच नाही. त्यामुळे "एअरलाइनने विकलंय म्हणजे जमणारच" असं लोक म्हणतात, आणि ते अर्धंच खरं आहे, कारण एमसीटी म्हणजे सगळं वेळेवर असताना, रस्ता माहीत असलेल्या, भरभर चालणाऱ्या माणसाचा वेळ. लेट झालेली फ्लाइट, सोबत लहान मूल, गुडघेदुखी, हे त्यात धरलेलं नसतं. आणखी एक, बुकिंग केल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी एअरलाइन टायमिंग बदलते आणि तुमचे अडीच तास गुपचूप दीड तास होतात. एमसीटीच्या खाली गेलं तर ते स्वतःच बदलून देतात, पण एमसीटीच्या जरा वर राहिलं तर कोणी तुम्हाला विचारत नाही. अशा वेळी फोन करून मागायचं, शेड्यूल त्यांनी बदललंय त्यामुळे बहुतेक वेळा पैसे न घेता दुसरं कनेक्शन देतात. मागितल्याशिवाय मात्र नाही.

आता नाक्यांकडे येऊ. टर्मिनल बदलायचे दोन प्रकार. एअरसाइड म्हणजे सिक्युरिटीच्या आतल्या आत, आणि लँडसाइड म्हणजे बाहेर पडून परत आत. हीथ्रोला एअरसाइड जाता येतं. विमानातून उतरून चालत आलात की एका ठिकाणी वाट फुटते, पिवळ्या पाट्यांवर अरायव्हल्स, आणि जांभळ्या पाट्यांवर फ्लाइट कनेक्शन्स. सगळी गर्दी अरायव्हल्सकडे वळते आणि माणूस झोपेत गर्दीमागे जातो, मग इमिग्रेशनच्या रांगेत अर्धा तास उभा राहिल्यावर कळतं की ही रांग आपली नव्हतीच. जांभळी पाटी धरून ठेवायची. ती तुम्हाला बसच्या दाराशी नेते, तिथे बोर्डिंग पास बघतात, बस रनवेच्या बाजूने आणि बोगद्यातून दुसऱ्या टर्मिनलला सोडते, तिथे परत सिक्युरिटी, आणि मग गेट. म्हणजे इमिग्रेशन नाही, बॅग नाही, नाके दोनच. तुमच्या ९० मिनिटांत हे आरामात बसतं. फक्त टर्मिनल गाठलं म्हणजे गेट गाठलं असं धरू नका, टर्मिनल ५ चे बी आणि सी सॅटेलाइट, म्हणजे गेटच्या सुट्या बिल्डिंगा, मुख्य बिल्डिंगपासून वेगळे आहेत, तिथे जमिनीखालच्या ट्रेनने जायचं असतं.

याच्या उलट न्यूयॉर्कचं जेएफके. तिथे टर्मिनल सुटे सुटे आहेत, एकमेकांना आतून जोडलेले नाहीत, मध्ये एअरट्रेन फिरते, टर्मिनल ते टर्मिनल फुकट, पण ती सिक्युरिटीच्या बाहेर. आणि अमेरिकेत तर इंटरनॅशनल ट्रान्झिट असा वेगळा कप्पाच नाही, परदेशातून येऊन पुढे दुसऱ्या देशात जायचं असलं तरी पहिल्या एअरपोर्टवर इमिग्रेशन, मग साधारणपणे बेल्टवरून बॅग उचलायची, कस्टम्समधून ढकलत न्यायची, बाहेर लगेच री-चेकचा काउंटर किंवा बेल्ट असतो तिथे परत द्यायची, मग टर्मिनल बदला, मग सिक्युरिटी. मोजा नाके. इथे त्याच १३० मिनिटांवर मी पैज लावणार नाही, तीन-साडेतीन तास तरी हवेत. अपवाद म्हणजे प्रीक्लिअरन्स असलेली एअरपोर्ट्स, डब्लिन, अबुधाबी, टोरोंटो वगैरे, तिथे अमेरिकेचं इमिग्रेशन निघतानाच होतं आणि अमेरिकेत तुम्ही डोमेस्टिक प्रवाशासारखे उतरता. कनेक्शन कमी वेळेचं असेल तर असा रूट शोधणं फायद्याचं.

पॅरिसच्या शार्ल द गॉलमध्ये नुसतं "टर्मिनल २" एवढ्यावर जाऊ नका. टर्मिनल २ म्हणजे २ए पासून २जी पर्यंतचा पसारा, त्यात २जी बाकीच्यांपासून लांब, बसने जायचं. २ई च्याही आत के, एल, एम असे गेटचे हॉल, त्यांच्यात ट्रेन. त्यामुळे "दोन्ही फ्लाइट टर्मिनल २ ला, म्हणजे टर्मिनल बदलायचं नाही" हे तिथे चालत नाही, अक्षर बघायचं. दुबईला टर्मिनल १ आणि ३ एका बाजूला आणि टर्मिनल २ रनवेच्या पार पलीकडे, तिकडे बसने. सिंगापूरच्या चांगीला १, २, ३ स्कायट्रेनने जोडलेले, ४ ला बस. आणि इस्तंबूलचं नवीन एअरपोर्ट किंवा दोहा, तिथे टर्मिनल एकच, पण एवढं मोठं की चालण्यातच २०-२५ मिनिटं जाऊ शकतात. नंबर एकच म्हणजे जवळ असं नाही आणि नंबर वेगळे म्हणजे लांब असंही नाही.

कुठल्या टर्मिनलवरून फ्लाइट आहे हे बघताना फ्लाइट नंबरवर जाऊ नका, "ऑपरेटेड बाय" ही ओळ बघा. कोडशेअरमध्ये तिकीट एका एअरलाइनचं आणि विमान दुसरीचं असतं, आणि टर्मिनल ज्याचं विमान त्याचं. शिवाय एअरपोर्ट तरी एकच आहे ना ते बघा, गंमत नाही करत. सर्चमध्ये शहराचं नाव टाकलं की त्या शहराची सगळी एअरपोर्ट्स एकत्र येतात, टोकियो म्हटलं की हानेडा आणि नारिता दोन्ही, लंडन म्हटलं की हीथ्रो आणि गॅटविक, पॅरिस म्हटलं की शार्ल द गॉल आणि ओर्ली. एकाला उतरून दुसऱ्यावरून पुढे जायचं तिकीट बिनधास्त विकलं जातं, आणि मग प्रश्न टर्मिनलचा राहत नाही, शहर ओलांडण्याचा होतो. तीन अक्षरी कोड दोन्हीकडे सारखा आहे का, एवढं पाच सेकंदात कळतं.

युरोपात शेंगेनचा नियम लक्षात ठेवा, शेंगेन म्हणजे आपापसात पासपोर्ट तपासणी नसलेले तिथले देश. बाहेरून येऊन फ्रँकफर्टमार्गे रोमला जाताय तर इमिग्रेशन फ्रँकफर्टला, कारण शेंगेनमधला तुमचा पहिला पाय तिथे पडतो. बॅग मात्र थेट रोमला, कस्टम्सही तिकडेच. फ्रँकफर्टमार्गे शेंगेनच्या बाहेरच कुठे जाताय तर इंटरनॅशनल भागातच राहता. आणि १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे ईईएस म्हणजे एंट्री/एक्झिट सिस्टीम सुरू झालीय, युरोपियन पासपोर्ट नसलेल्या, थोड्या दिवसांसाठी येणाऱ्या माणसाचे बोटांचे ठसे आणि फोटो पहिल्या एंट्रीला घेतात, त्यामुळे इमिग्रेशनला जुन्या अनुभवावर वेळ धरू नका, अर्धा-पाऊण तास जास्तीचा ठेवा.

व्हिसाचं वेगळं सांगायला हवं कारण इथे फ्लाइट चुकत नाही, मुळात बसूच देत नाहीत. टर्मिनल बदलायला बाहेर पडावं लागत असेल, किंवा दोन तिकिटं आहेत म्हणून बॅग घेऊन परत चेक-इन करायचं असेल, तर तो ट्रान्झिट राहत नाही, ती त्या देशात एंट्री झाली, आणि तसा व्हिसा लागतो. काही देश काही पासपोर्टना आतल्या आत थांबायलाही ट्रान्झिट व्हिसा मागतात. चेक-इन काउंटरवरचा माणूस आयाटाच्या, म्हणजे एअरलाइन्सच्या जागतिक संघटनेच्या, टायमॅटिक नावाच्या सिस्टीममध्ये तुमचा पासपोर्ट आणि रूट टाकून बघतो, तिथे नाही आलं की त्याच्याशी हुज्जत घालून उपयोग नसतो, कारण चुकून तुम्हाला बसवलं तर दंड एअरलाइनला भरावा लागतो. हे नियम सारखे बदलतात, म्हणून त्या देशाच्या सरकारी साइटवर तिकीट काढायच्या आधी बघा, नंतर नाही.

बॅगेचा प्रश्न होता. एकाच तिकिटावर असाल तर साधारणपणे बॅग शेवटच्या एअरपोर्टला टॅग होते, अमेरिकेसारखे अपवाद सोडून. पण "साधारणपणे" वर राहू नका. चेक-इनला बॅगेला पट्टी लावतात ती बेल्टवर सरकायच्या आधी वाचा. सगळ्यात मोठ्या अक्षरात जो तीन अक्षरी कोड असतो तो बॅग जिथे उतरणार तिथला, मधल्या एअरपोर्टचा कोड त्याच्यासोबत छोटा असतो. मोठा कोड मधल्याच एअरपोर्टचा दिसला तर तिथल्या तिथे विचारा. तुमच्या हातात त्याच पट्टीचा छोटा तुकडा देतात, त्यावर दहा आकडी नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा, कारण बॅग मागे राहिली तर शोधतात ती त्या नंबरावर, "निळी, मोठी, चाकांची" यावर नाही. आणि बॅगा मागे राहतात, टर्मिनल बदलताना जास्तच, उशिरा पोचणाऱ्या बॅगांमध्ये सगळ्यात मोठा वाटा ट्रान्सफरमध्ये अडकलेल्यांचाच असतो. तुम्ही पळून गेट गाठता, बॅगेला पळता येत नाही. म्हणून औषधं, चार्जर, एक जोडी कपडे केबिन बॅगेत. आणि छोट्या विमानात गेटवर केबिन बॅग काढून घेतात, तेव्हा ती लगेच विमानाच्या दाराशी मिळणार की थेट शेवटी, हे विचारा आणि पासपोर्ट-औषधं काढून मगच द्या. हे लोक हमखास विसरतात.

ट्रान्सफरच्या सिक्युरिटीला पाण्याची बाटली विमानात मिळालेली असली तरी काढून घेऊ शकतात. ड्युटी फ्रीमधून घेतलेलं १०० मिलीच्या वरचं काही असेल तर ते सीलबंद पिशवीत, पावती आत दिसेल असं, आणि ती पिशवी प्रवास संपेपर्यंत फोडायची नाही. अमेरिकेत बॅग री-चेक करताना ते सरळ चेक-इन बॅगेत घालून टाका, प्रश्न मिटला.

तर तुमच्या दोन तास दहा मिनिटांचं उत्तर: एक तिकीट, आतल्या आत टर्मिनल बदल, इमिग्रेशन नाही, तर पुरतील, निवांत जा. एक तिकीट पण मध्ये इमिग्रेशन, तर काठावर, त्या दिवशी नंतर अजून एखादी फ्लाइट असेल तर घ्यायला हरकत नाही, शेवटची असेल तर मी घेणार नाही. अमेरिकेत पहिली एंट्री, तर नको. दोन तिकिटं, तर अजिबात नको, पाच-सहा तास ठेवा, नाहीतर सरळ रात्र काढून दुसऱ्या दिवशीची घ्या. हे माझं मत, थोडं भित्रं आहे, पण डेस्कच्या या बाजूला उभं राहिलं की असंच होतं.

त्या दिवशी काय करायचं, तर दोन्ही बोर्डिंग पास निघतानाच घ्या, सीट जमेल तितकी पुढची घ्या, आणि पहिली फ्लाइट लेट दिसली की उतरायच्या आधी क्रूला सांगा. ते विमान थांबवू शकत नाहीत, पण कधी कधी कनेक्शनवाल्यांना आधी उतरू देतात, आणि तुमचं पुढचं गेट सांगू शकतात. उतरल्यावर बाथरूम, फोन, फोटो सगळं नंतर, आधी स्क्रीनवर गेट बघा, कारण बोर्डिंग पासवर छापलेलं गेट बदललेलं असू शकतं. नाके ओलांडायचे तेवढे ओलांडून गेटपाशी पोचा, मग बसा काय बसायचं ते. काही ठिकाणी कमी वेळ असलेल्यांसाठी वेगळी रांग असते किंवा केशरी कार्ड देतात, नसलं तर रांगेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या स्टाफला बोर्डिंग पास दाखवून विचारायचं, लाजायचं नाही. फक्त पुढे उभ्या प्रवाशांना ढकलत "माझी फ्लाइट आहे" करत जाऊ नका, रांगेतल्या सगळ्यांचीच फ्लाइट असते.

चुकलीच तर एअरपोर्टच्या बाहेर पडू नका, आतच ट्रान्सफर डेस्क शोधा. रांगेत उभं असतानाच एअरलाइनचं अॅप उघडा, कारण तुम्ही पोचणार नाही हे सिस्टीमला तुमच्या आधी कळलेलं असतं आणि बऱ्याचदा नवीन फ्लाइट तिथे आधीच टाकलेली असते. ती आवडली नाही तर डेस्कवर येताना पर्याय शोधून या. "मला कसंही पाठवा" म्हणणाऱ्यापेक्षा "तुमच्या पार्टनर एअरलाइनची सात वाजताची आहे, त्यात जागा दिसतेय" म्हणणाऱ्याचं काम लवकर होतं, आम्हालाही शोधावं लागत नाही. रात्र काढावी लागली तर हॉटेल आणि जेवणाचं तिथेच विचारा, आणि उशीर कशामुळे झाला ते लेखी मागा. युरोपियन युनियनमधून निघालेल्या प्रवासात एकाच बुकिंगवर शेवटच्या ठिकाणी तीन तास किंवा जास्त उशीर झाला आणि कारण एअरलाइनच्या हातातलं असेल तर २००४ च्या २६१ नंबरच्या नियमाखाली २५० ते ६०० युरोपर्यंत भरपाई मिळते, वादळ-धुकं असेल तर नाही. तेव्हा ते कारण लिहिलेला कागद कामाचा असतो.

वयस्कर माणसं एकटी येत असतील तर व्हीलचेअर असिस्टन्स बुक करा, निघायच्या निदान ४८ तास आधी. त्यांना चालता येतं, कमीपणा वाटतो, सगळं ऐकून आहे मी. खुर्ची चालण्यासाठी नसतेच, सोबत रस्ता माहीत असलेला माणूस येतो, तो त्यांना बहुतेक ठिकाणी वेगळ्या रांगेतून नेतो आणि पुढच्या गेटपर्यंत पोचवतो, यासाठी ती असते. पण त्याचीही वाट बघावी लागते, खुर्ची यायला २० मिनिटं लागू शकतात, म्हणून असिस्टन्स असेल तर टर्मिनल बदलायला तीन तासांच्या खालचं कनेक्शन घेऊ नका. त्यांच्या हातात एका कागदावर दोन्ही फ्लाइट नंबर, दोन्ही टर्मिनल, आणि तुमचा फोन नंबर मोठ्या अक्षरात लिहून द्या. फोनमध्ये नको, कागदावर, फोनची बॅटरी संपलेली असते.